मालकाचं पहिलं ताट

गुळाचा काटा

राजारामपुरीतल्या आमच्या डॉक्टरांचा वजनकाटा एकशे वीसला थांबला. त्याच्या पुढं आकडेच नव्हते. डॉक्टर म्हणाले, "तानाजीराव, कुठंतरी मोठ्या काट्यावर करून या आणि आकडा मला सांगा." मोठा काटा म्हणजे कुठला? शेवटी मार्केट यार्डात एका मित्राच्या दुकानी गेलो आणि गुळाचे रवे ज्यावर चढवतात त्या काट्यावर चपला काढून उभा राहिलो. मित्र सवयीनं मोठ्यानं ओरडला, "एकशे अडतीस!" चार हमालांनी माना वळवून बघितलं. आम्ही दोघंही पोट धरून हसलो. घरी येताना स्कूटरवर मात्र मला हसू येईना.

तेव्हा मी एकोणपन्नास वर्षांचा होतो. साखर होती, रोज दोन वेळा सुई टोचत होतो. गुडघे असे की बसलो तर उठवायला माणूस लागायचा. या सगळ्याची मला सवय झाली होती. सवय झाली नव्हती ती माझ्या बायकोला, संगीताला. त्या दिवशी डॉक्टरांपुढं ती पहिल्यांदाच बोलली. "डॉक्टर, ह्ये झोपंत श्वास घ्यायचं थांबत्यात. मी हलवलं की परत सुरू हुतोय."

"किती दिवसांपासून?"

"दोन वर्सं झाली."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी दोन वर्षं घोरत होतो आणि ती मला हलवायला जागी राहत होती. सकाळी सहाला उठून मसाला भाजायला बसायची ती बाई रात्री झोपतच नव्हती, हे मला दवाखान्यातल्या खुर्चीवर बसून कळलं. मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या आणि तिथल्या सर्जननं सरळ सांगितलं, की आता पथ्यानं आणि चालण्यानं भागायचं नाही. पोटाचा मोठा भाग काढून लांबट पिशवीएवढं पोट ठेवायचं ऑपरेशन करावं लागेल.

आमच्या खानावळीची रीत

मी काय काम करतो हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझी मटणाची खानावळ आहे. वडील कोडोलीहून कोल्हापूरला आले आणि त्यांनी ती काढली. सहा टेबलं, तांबडा, पांढरा, भाकरी, भात. सोमवारी बंद.

वडिलांनी एक रीत घालून दिली होती. सकाळी साडेअकराला दार उघडलं की दाराजवळच्या पहिल्या टेबलावर मालकानं बसायचं आणि त्या दिवशीचं पहिलं ताट सगळ्यांसमोर संपवायचं. मालक जेवल्याशिवाय गिऱ्हाइकाला वाढायचं नाही. शिळं, नासकं काही असेल तर ते आधी आपल्या पोटात जाऊ दे, असा त्यांचा हिशेब. लोकांना ते फार आवडायचं. काही जण मुद्दाम ते बघायला साडेअकराला यायचे. वडील गेल्यावर बावीस वर्षं मी ते ताट जेवलो. संगीता स्वयंपाकघरातून वाढून पाठवायची, मी जेवायचो, तर्जनी उचलून "झकास" म्हणायचो, मग वाढप सुरू.

एका ताटावर कुठं भागतंय? नंतर ओळखीचं कोणी आलं की त्याच्यासोबत दोन घास, कुणी नाही म्हणालं की त्याला लाज वाटू नये म्हणून आणखी दोन. आग्रह ही माझी खासियत होती. कुणी वाटीवर हात आडवा धरून "बास" म्हणालं, तर मी त्याच्या बोटांवरून रस्सा ओतायचो. "घ्या की पावणं, बोटं धुवायला पाणी हाय." त्यावर सगळी खानावळ हसायची. बास हा शब्द मी कधी ऐकून घेतला नाही, दुसऱ्याचाही नाही आणि माझ्या पोटाचाही नाही.

त्यामुळं ऑपरेशनचं ठरलं तेव्हा मला मरणाची भीती वाटली ती नंतर. पहिली भीती ही वाटली की साडेअकराच्या ताटाचं काय? स्वतःचं पोट कापून घेतलेल्या माणसाच्या हातचं मटण कोण खाणार? मी घरात जाहीर केलं की बाहेर हर्नियाचं ऑपरेशन म्हणून सांगायचं.

संगीता म्हणाली, "खोटं कशापायी?"

"तुला धंद्यातलं कळत न्हाय," मी म्हणालो. भट्टीपुढं बावीस वर्षं उभी असलेल्या बाईला मी हे म्हणालो. लिहितानाही लाज वाटतेय, पण लिहायचं ठरवलंय तर सगळं लिहितो.

आमची मुलगी ऋतुजा फार्मसीला आहे. तिनं कागद वाचले, डॉक्टरांना माझ्यापेक्षा जास्त प्रश्न विचारले आणि मला एवढंच म्हणाली, "पप्पा, माझ्या लग्नात तुमी चालत आला पायजेसा. मला दुसरं काय नको."

तीस मिली

ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे पातळ खाण्यावर काढायचे असतात. चौथ्या दिवशी मी मागच्या दारात उभा राहून ठेच्याबरोबर भाकरी खाल्ली. भाकरी करणाऱ्या मावशींनी बघितलं आणि तोंड फिरवलं. त्यांनी घरात सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून भाकरीची टोपली उचलून आपल्या मांडीशी ठेवली.

ऑपरेशनच्या सकाळी नर्सनं अंगठी काढून ठेवायला सांगितली. ती निघेना. साबण लावला, तेल लावलं, शेवटी कापावी लागली. लग्नातली अंगठी होती. संगीतानं ते दोन तुकडे रुमालात बांधले आणि कमरेला खोचले. मी म्हणालो, "नवी करू." ती म्हणाली, "तुमी आदी भायेर या." स्ट्रेचर आत वळेपर्यंत ती माझ्या पायाच्या अंगठ्याला धरून चालत होती. त्या वेळी मी खरा घाबरलो. आत दिवे दिसले, कुणीतरी नाव विचारलं, मी नाव सांगितलं आणि पुढचं काही आठवत नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा पोटात दुखत होतं आणि तोंडाला कोरड पडली होती. मला वाटलं होतं आता चार दिवस पडून राहायचं. संध्याकाळीच एक नर्स आली, वयानं ऋतुजापेक्षा थोडी मोठी. "उठा काका, चालायचं."

"आज?"

"आजच. पडून ऱ्हायलासा तर पायात रक्ताच्या गाठी हुत्यात."

मला उठवायला तिघं लागले. मी दारापर्यंत दहा पावलं चाललो आणि परत आलो. ती म्हणाली, "झ्याक. आता तासाभरानं परत." दवाखान्यातले दिवस असेच गेले. चालायचं, तीन गोळ्यांच्या त्या प्लास्टिकच्या यंत्रात श्वास ओढून गोळ्या वर चढवायच्या, परत चालायचं. तिसरी गोळी काही केल्या वर जाईना, तेव्हा शेजारच्या खाटेवरचे आजोबा मला चिडवायचे. त्यांची तिन्ही जायची.

दुसऱ्या दिवशी तपासणी झाल्यावर पाणी मिळालं. औषधाच्या टोपणाएवढ्या कपात तीस मिली, आणि ते घोट घोट करून पंधरा मिनिटांत प्यायचं. मी आयुष्यभर तांब्या वर करून पाणी प्यायलेला माणूस. पहिला घोट घेतला आणि पोट भरलं. खरंच भरलं. मी कपाकडं बघत बसलो आणि मला रडायला आलं. आनंदानं का दुःखानं, ते मला तेव्हाही कळलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी संगीता आली तर तिचे डोळे सुजलेले नव्हते. मी विचारलं, "झोपलीस काय?"

"व्हय. हितं नर्सबाई बघत्यात की तुमाला." दोन वर्षांनी ती सलग झोपली होती.

घरातलं भांडण

दवाखान्यातून सुटलो तेव्हा वाटलं, अवघड ते संपलं. ज्यांचं ऑपरेशन व्हायचं आहे त्यांना मी आवर्जून सांगतो, अवघड ते घरी आल्यावर सुरू होतं. पोट लहान होतं, डोकं तेवढंच राहतं. भूक फारशी लागत नव्हती, पण मला जेवायचं होतं. आमचं घर खानावळीच्या वरच्या मजल्यावर. सकाळी खाली सुकं खोबरं आणि तीळ भाजायला लागले की वास जिन्यानं वर यायचा आणि मी खिडक्या लावून बसायचो.

दोन आठवडे सगळं गाळून. ताकाची निवळ, डाळीचं पाणी आणि प्रोटीनची ती पावडर, जिला व्हॅनिलाच्या नावाखाली खडूची चव होती. संगीता सकाळी मटण शिजवताना माझ्यासाठी थोडी अळणी बाजूला काढायची. अळणी म्हणजे मटण शिजवलेलं नुसतं हळद-मिठाचं पाणी, त्यातच पुढं मसाला पडून रस्सा होतो. वरची चरबी काढायची, फडक्यातून दोनदा गाळायची आणि वर आणून द्यायची. आहारतज्ज्ञ बाईंना विचारून, मोजून.

दहाव्या का अकराव्या दिवशी तिनं वाटी पुढं केली आणि मी ती ढकलली. अळणी सतरंजीवर सांडली. मी म्हणालो, "तुज्या हातचं खाऊन खाऊनच ही वेळ आली माज्यावर."

फडकं आणून तिनं सतरंजी पुसली, दुसरी वाटी भरून आणली, माझ्या उजव्या हाताला ठेवली आणि खाली गेली. साडेअकरा व्हायला आले होते. मी घरात असल्यापासून पहिलं ताट ती वडिलांच्या फोटोपुढं ठेवत होती आणि मग वाढप सुरू करत होती. खानावळ एक दिवसही बंद राहिली नव्हती. मला मात्र वाटत होतं की माझ्याशिवाय तिथं सगळं अडलंय.

त्या दिवशी मी माफी मागायला हवी होती. मागितली नाही. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलायला लागली. "गोळी घेतली?" "पाणी पिलासा?" एवढंच. रागावली असती तर बरं झालं असतं.

पाचवा आठवडा

पाचव्या आठवड्यात मी खाली आलो. अठरा किलो उतरलं होतं. शर्ट अंगावर लोंबत होता. मऊ, कुस्करलेलं खायची परवानगी होती, एका वेळी चार चमचे. बुधवार होता, मटणाची गर्दी. मी गल्ल्यावर बसलो.

पाटील सर आले होते. शाळेतून निवृत्त झालेले, वीस वर्षं दर बुधवारी येणारे. ते माझ्याकडं बघून म्हणाले, "काय मालक, हर्नियानं लईच वाळवलं की तुमाला. आज तरी ताट हुनार न्हवं? का फोटोलाच जेवायला घालनार?" सगळे हसले. वाईट हेतूनं नाही. त्यांना मी परत आल्याचा आनंद झाला होता.

मी "नको" म्हणू शकलो असतो. पण ते टेबल, साडेअकराची वेळ, सगळ्यांचे डोळे. मी पहिल्या टेबलावर जाऊन बसलो आणि आत ओरडलो, "ताट आणा."

आतून ताट आलं नाही. संगीता दारात येऊन उभी राहिली आणि तिनं नुसती मान हलवली. मग मीच उठलो, फोटोपुढचं ताट उचललं आणि टेबलावर घेऊन आलो. भाकरी मोडली, मटणाचा तुकडा घेतला. पहिला घास गेला. जवळजवळ सात आठवड्यांनी तोंडात तांबडा आला होता, काय सांगू. दुसराही गेला. मी चावत नव्हतो, जेवत होतो, पूर्वीसारखा. तर्जनी उचलून "झकास" म्हणायला तोंड उघडलं आणि तिसरा घास छातीच्या मधोमध अडकला.

तो ना वर येईना ना खाली जाईना. छातीवर कुणी गुडघा दाबून बसल्यासारखं दुखायला लागलं. तोंडात फेस आला, घाम फुटला. मागच्या मोरीपर्यंत पोचलो आणि वाकलो. खूप वेळानं तो तुकडा बाहेर पडला, पण दुखणं थांबेना. टाके सुटले असतील, आत गळती लागली असेल, हे शब्द मी दवाखान्यात ऐकले होते. संगीता आणि ऋतुजा मला रिक्षात घालून निघाल्या. ते शब्द ऋतुजालाही माहीत होते. रिक्षात तिचा चेहरा बघूनच मी ओळखलं की आपण मरू शकतो.

दवाखान्यात औषध पाजून एक्स-रेचे फोटो काढले. निकाल यायला तासभर लागला. संगीता बाकावर माझ्या शेजारी बसली होती. हाताला अजून पीठ होतं. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "मी वाडलं न्हवतं. पर हुतं माज्याच हातचं."

"तुजा काय संबंध?"

"तुमीच बोललासा की त्या दिशी. तुज्या हातचं खाऊन ही वेळ आली. आज कायतरी झालं आसतं तर जल्मभर तेच ऐकू आलं आसतं मला."

मग ती रडली. लग्नाला चोवीस वर्षं झाली, तिला असं रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. मी तिचा पिठाचा हात धरला आणि म्हणालो, "चुकलं माजं. त्या दिशी बी चुकलं आणि आज बी." एवढंच बोलता आलं. आजूबाजूला माणसं होती, त्यांच्याकडं माझं लक्षच नव्हतं.

गळती नव्हती. घास अडकला होता, एवढंच. सर्जननं मला ऋतुजासमोर झाडलं आणि शेवटी विचारलं, "कुणी जबरदस्ती केली का खायला?"

"न्हाय," मी म्हणालो. "मीच केली."

ज्यांना हे करायचं आहे त्यांच्यासाठी

या गोष्टीला आता वर्ष होऊन गेलं. वजन चौऱ्याण्णव आहे, आणि ते डॉक्टरांच्याच काट्यावर होतं. सुई सुटली. झोपेत श्वास थांबत नाही. संगीता म्हणते, आता तुमी एवढं गप झोपतासा की तीच भीती वाटती.

सगळंच गोड नाही. चौथ्या महिन्यात केस गळाले, नंतर आले. दंडाची कातडी लोंबते. गोळ्या जन्मभर घ्यायच्या आहेत. ताटात वाढलेलं टाकवत नाही आणि खाववतही नाही, म्हणून मी आता वाटीत जेवतो, प्रत्येक घास चावून, मध्ये पाणी न पिता. लग्नाकार्यात लोक अजून आग्रह करतात. त्यांना खरं सांगा. मी खोटं सांगितलं आणि त्या खोट्यापायी जवळजवळ जीव घालवला. आणि घरच्यांवर चिडाल, ते होतंच, पण त्याच दिवशी मिटवा. माझ्यासारखं दवाखान्याच्या बाकापर्यंत ओढू नका.

साडेअकरा

त्या बुधवारनंतरच्या बुधवारी मी पाटील सरांना आणि जे जे बसले होते त्यांना सांगून टाकलं, की हर्निया वगैरे काही नव्हता, पोट लहान करून घेतलंय, इथून पुढं पहिलं ताट माझ्याच्यानं होणार नाही. मला वाटलं होतं लोक उठून जातील. पाटील सर म्हणाले, "मागच्या बुदवारी मीच बोललो तुमाला. आदी सांगायचं न्हाय व्हय, मर्दा." मग त्यांनी विचारलं, "पर मालक, ताटाचं काय?"

ते मी घरी ठरवून आलो होतो. मी स्वयंपाकघरात गेलो. संगीता पदर खोचून भट्टीपाशी उभी होती. तिचं जेवण रोज साडेतीनला व्हायचं, सगळं संपल्यावर, तिथंच ओट्याला टेकून, उरेल त्यातलं. बावीस वर्षांत ती त्या टेबलांवर एकदाही बसली नव्हती, हे मला कधी खटकलंच नव्हतं.

"चल भायेर," मी म्हणालो. "मालकानं आदी जेवायचं आसतंय."

"मी कुटली मालक?"

"मग बावीस वर्सं कोन रांधत हुतं?"

ती नको नको म्हणत होती. भाकरीच्या मावशींनी तिच्या हातातला डाव काढून घेतला आणि तिला पाठीमागून ढकललं. ती पहिल्या टेबलावर आली, अंग चोरून बसली. मी ताट वाढलं. तिनं हात धुतले, तेव्हा तिच्या बोटातली अंगठी चमकली. माझ्या अंगठीचे तुकडे तिनं स्वतःच्या अंगठीत भर घालून आटवून घेतले होते. माझी बोटं अजून बारीक होणार होती, म्हणून.

सगळी खानावळ बघत होती. तिनं भाकरी मोडली, तांबड्यात बुडवली, घास घेतला. मग पांढऱ्याची वाटी तोंडाला लावली. थोडा विचार केला आणि म्हणाली, "पांढऱ्यात मीठ कमी पडलंय."

सगळे हसले. मी मीठ आणायला आत पळालो. बावीस वर्षं मी हेच ताट संपवत होतो आणि रोज झकास म्हणत होतो. चव कधी घेतलीच नव्हती.

मीठ घालून, ढवळून, मी नवीन रस्सा घेऊन आलो आणि तिच्या वाटीत डाव ओतला. दुसरा भरला, सवयीनं. "घे की अजून."

तिनं वाटीवर हात आडवा धरला. "बास," ती म्हणाली.

पाटील सर गालात हसत माझ्याकडं बघत होते. आता बोटांवरून रस्सा येणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

मी डाव परत भांड्यात रिकामा केला आणि तिच्यासमोर माझी लहान वाटी घेऊन जेवायला बसलो.